धातूंच्या नॅनोकणांचे वनस्पतिजन्य संश्लेषण आणि प्रतिजैविक अवशेषांचा शोध

धातूंच्या नॅनोकणांचे वनस्पतिजन्य संश्लेषण म्हणजे वनस्पतींची पाने, साल, फळे किंवा बिया यांचा पाण्यातील अर्क वापरून सोने, चांदी इत्यादी धातूंच्या संयुगांपासून त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण तयार करण्याची पद्धत होय. या कणांचा आकार साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर असतो. (१ नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग.) दूध, मांस, अंडी, मध, मासे आणि सांडपाणी यांमध्ये शिल्लक राहिलेले प्रतिजैविक औषधांचे अंश ओळखणे, हा या कणांचा एक महत्त्वाचा उपयोग आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने सोने व चांदी यांच्या कणांचा आणि दुधाच्या तपासणीचा विचार केला आहे.

या पद्धतीत वनस्पतीचा अर्क दोन कामे करतो. तो धातूच्या आयनांचे अणूंमध्ये रूपांतर करतो आणि तयार झालेल्या कणांवर सेंद्रिय द्रव्यांचा पातळ थर चढवून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. हा थर या पद्धतीचे बलस्थान आहे. तसाच तो तिच्या बहुतेक अडचणींचे मूळही आहे. कण तयार करणे त्याच्यामुळे सोपे होते. मात्र त्या कणांकडून विश्वासार्ह मोजमाप करून घेणे त्याच्यामुळेच अवघड होते.

पार्श्वभूमी

प्रतिजैविक अवशेष

दुभत्या जनावरांमध्ये कासदाह (दगडी) हा नेहमी आढळणारा आजार आहे. त्यावर पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन, टेट्रासायक्लिन यांसारखी प्रतिजैविके टोचून किंवा थेट कासेत सोडून दिली जातात. औषधाचा काही भाग पुढील काही दिवस दुधावाटे बाहेर पडत राहतो. म्हणून औषध बंद केल्यानंतर ठरावीक काळ त्या जनावराचे दूध विक्रीसाठी वापरू नये, असा नियम असतो. या काळास प्रतीक्षा-काळ म्हणतात. भारतात २०१२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार अन्नोत्पादक जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर हा काळ छापणे बंधनकारक झाले. ज्या औषधासाठी असा काळ स्वतंत्रपणे ठरवलेला नाही, त्यासाठी दूध व अंडी यांच्या बाबतीत किमान ७ दिवस आणि मांसाच्या बाबतीत किमान २८ दिवस धरले जातात.

प्रतीक्षा-काळ पाळला गेला नाही तर अवशेष ग्राहकापर्यंत पोहोचतात. दूध उकळल्याने अनेक प्रतिजैविके पूर्णपणे नष्ट होत नाहीत. पेनिसिलिनची अधिहर्षता असलेल्या व्यक्तीला अल्प अंशानेही त्रास होऊ शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल या औषधामुळे क्वचित प्रसंगी अस्थिमज्जा निकामी होऊन गंभीर रक्तक्षय होतो. सर्वांत व्यापक धोका जीवाणूंमधील औषध-प्रतिरोधाचा आहे. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मधील आपल्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेच्या संपर्कात आलेले जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात, असा इशारा दिला होता. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जीवाणूंच्या औषध-प्रतिरोधामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात मांडला आहे. या मृत्यूंना माणसांतील औषधांचा गैरवापर आणि पशुपालनातील वापर असे दोन्ही घटक कारणीभूत आहेत. त्यांतील अन्नातील अवशेषांचा वाटा वेगळा काढून सांगता येत नाही.

दुग्धव्यवसायाला मात्र अवशेषांचा अनुभव फार लवकर आला. विसाव्या शतकाच्या मध्यास कासदाहावर पेनिसिलिनचा वापर सुरू झाल्यावर चीज व दही तयार करणाऱ्यांना दूध नीट विरजत नसल्याचे आढळू लागले. विरजणातील जीवाणू पेनिसिलिनने मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते.

कमाल अवशेष मर्यादा

अन्नात प्रत्येक औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालू शकतो, हे कायद्याने ठरवलेले असते. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार (कोडेक्स) दुधात बेंझिलपेनिसिलिनची मर्यादा दर किलोग्रॅमला ४ मायक्रोग्रॅम, तर टेट्रासायक्लिन गटाची मर्यादा दर लिटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कोणतीही मर्यादा सुरक्षित मानली जात नाही. युरोपीय संघात २०२२ च्या अखेरीपासून दर किलोग्रॅमला ०.१५ मायक्रोग्रॅम एवढे क्लोरॅम्फेनिकॉल आढळले तरी कारवाई होते. भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण अशा मर्यादा ठरवते. कोलिस्टिन या औषधाचा अन्नोत्पादक जनावरांसाठीचा वापर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला.

हे आकडे किती लहान आहेत, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. दर किलोग्रॅमला ४ मायक्रोग्रॅम म्हणजे १० लाख किलोग्रॅम दुधात अवघे ४ ग्रॅम. १०,००० किलोग्रॅम दुधाच्या टँकरमध्ये ४० मिलिग्रॅम पेनिसिलिन मिसळले तरी ही मर्यादा गाठली जाते. कासेत सोडण्याच्या एका नळीतील औषधाची मात्रा बहुधा यापेक्षा जास्तच असते. म्हणजेच एका जनावराचे दूध वेगळे न काढल्यास अनेक शेतकऱ्यांचे एकत्र झालेले दूध नाकारले जाण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे तपासणी टँकर भरल्यानंतर करण्यापेक्षा संकलन केंद्रावर, दूध एकत्र ओतण्यापूर्वी होणे सर्वांच्या हिताचे असते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ७७ नमुन्यांत, म्हणजे सुमारे १.२ टक्के नमुन्यांत, प्रतिजैविकांचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले.

प्रचलित तपासणी

सध्याच्या तपासणीच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत उष्णताप्रिय जीवाणूंचे बीजाणू आणि जांभळा दर्शक असलेल्या माध्यमावर दूध टाकून ते सुमारे ६४ अंश सेल्सियस तापमानास अडीच ते तीन तास ठेवतात. दूध स्वच्छ असल्यास जीवाणू वाढून आम्ल तयार करतात आणि माध्यम पिवळे होते; प्रतिजैविक असल्यास जांभळा रंग कायम राहतो. दुसरी पद्धत कागदी पट्टीची आहे. तिचा निकाल काही मिनिटांत मिळतो, परंतु एक पट्टी ठरावीक औषधगटापुरतीच उपयोगी पडते. तिसरी पद्धत द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमिती यांची जोड असलेल्या यंत्राची आहे. कोणते औषध किती प्रमाणात आहे, याचा निर्णायक पुरावा हीच देते. मात्र यंत्र महाग असते व त्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. स्वस्त, जलद आणि संकलन केंद्रावर करता येईल अशा चाचणीच्या शोधातून नॅनोकणांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

इतिहास

मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये लंडन येथे सोन्याच्या माणकासारख्या लाल कलिलावरील प्रयोग सादर केले. हा रंग सोन्याच्या अत्यंत बारीक कणांमुळे येतो, असे त्यांनी प्रतिपादले. या द्रवात मीठ घातल्यास त्याचा लाल रंग निळसर होतो, हेही त्यांनी नोंदवले. आजच्या रंगबदल चाचण्या याच निरीक्षणावर उभ्या आहेत. १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी गोलाकार कण प्रकाशाचे शोषण व प्रकीर्णन कसे करतात, याचे गणिती स्पष्टीकरण दिले. १९५१ मध्ये जॉन टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम सायट्रेटच्या साहाय्याने सोन्याचे एकसारखे कण तयार करण्याची पद्धत विकसित केली. ती आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आहे.

पॉल अ‍ॅनास्टास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. घातक रसायने व विद्रावके टाळावीत, कमी ऊर्जा वापरावी आणि नव्याने उगवणारा कच्चा माल वापरावा, ही त्यांतील काही तत्त्वे होत. त्यानंतरच्या काळात वनस्पतींचा वापर करून कण बनवण्याच्या संशोधनाला वेग आला. २००२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो येथील शाखेत होर्हे गार्डेआ-टोरेस्डे आणि सहकाऱ्यांनी जिवंत लसूणघासाच्या रोपांमध्ये सोन्याचे नॅनोकण तयार होत असल्याचे दाखवले.

रोपाऐवजी केवळ पानांचा अर्क वापरण्याच्या कामात पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. तेथील मुरली शास्त्री यांच्या गटाने २००३ मध्ये जिरेनियमच्या पानांच्या अर्कापासून चांदीचे कण, २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्कापासून सोने, चांदी व या दोहोंचे संयुक्त कण आणि २००५ मध्ये आवळ्याच्या अर्कापासून सोने व चांदीचे कण तयार केल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या त्रिकोणी चकत्या तयार होतात, हे त्यांचे २००४ मधील संशोधन विशेष गाजले. २००५ मध्ये याच गटाने चिंचेच्या पाल्याच्या अर्कापासून मिळालेले सोन्याचे त्रिकोणी कण बाष्प ओळखण्यासाठी वापरता येतील, असे दाखवले. वनस्पतिजन्य कणांचा उपयोग पदार्थ ओळखण्यासाठी करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक आहे.

संश्लेषण

अर्क व क्षपण

सर्वसाधारण कृतीत पाने धुऊन, बारीक चिरून ऊर्ध्वपातित पाण्यात काही मिनिटे उकळतात आणि तो अर्क गाळून घेतात. त्यानंतर तो सिल्व्हर नायट्रेटच्या किंवा क्लोरोऑरिक आम्लाच्या विरल द्रावणात मिसळतात. या द्रावणाची संहती सहसा दर लिटरला १ मिलिमोल असते. म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे १०८ मिलिग्रॅम चांदी किंवा १९७ मिलिग्रॅम सोने असते. काही मिनिटांत ते काही तासांत द्रावणाचा रंग बदलतो. चांदीचे द्रावण पिवळसर तपकिरी होते, तर सोन्याचे लाल किंवा जांभळे.

या क्रियेत धनप्रभारित आयनाला इलेक्ट्रॉन मिळून त्याचा उदासीन अणू बनतो. रसायनशास्त्रात याला क्षपण म्हणतात. अर्कातील पॉलिफेनॉल, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन, टर्पिनॉइड, क्षपणकारी शर्करा व काही प्रथिने हे इलेक्ट्रॉन पुरवतात. सोने व चांदी यांचे आयन इलेक्ट्रॉन सहज स्वीकारतात, म्हणून सौम्य क्षपणकारक पुरतात. लोह किंवा जस्त यांच्या बाबतीत हे इतके सोपे नसते. जस्ताच्या बाबतीत अर्काच्या साहाय्याने बहुधा धातूऐवजी त्याच्या ऑक्साइडाचे कण मिळतात.

अणू एकत्र येऊन प्रथम लहान केंद्रके तयार होतात आणि त्यांवर आणखी अणू बसून कण वाढतात. केंद्रके एकाच वेळी झपाट्याने तयार झाली तर कण लहान व एकसारखे होतात. ती हळूहळू तयार होत राहिली तर लहानमोठ्या कणांचे मिश्रण मिळते. अर्काचे प्रमाण, तापमान आणि सामू यांवर हा वेग अवलंबून असतो. २० नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या एका गोल कणात सुमारे अडीच लाख अणू असतात.

आच्छादन

तयार झालेला उघडा कण स्थिर नसतो. असे कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ शकतो. अर्कातील सेंद्रिय रेणू कणाच्या पृष्ठभागावर बसून हे टाळतात. सायट्रेट पद्धतीत हे काम सायट्रेट हा एकच, सैल बांधलेला रेणू करतो. वनस्पतिजन्य कणांवर मात्र अनेक प्रकारच्या रेणूंचा मिश्र व बहुधा अधिक घट्ट थर असतो. त्यामुळे असे कण मिठाच्या द्रावणातही पुष्कळदा टिकून राहतात. साठवणुकीच्या दृष्टीने हा गुण असला तरी चाचणीच्या दृष्टीने तो नेहमीच गुण ठरत नाही.

कणांची पारख

द्रावणाचा रंग बदलला म्हणजे अपेक्षित कण तयार झालेच, असे नाही. दृश्य व अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून कणांचा आकार व समुच्चयन यांचा अंदाज येतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कण प्रत्यक्ष पाहता येतात. क्ष-किरण विवर्तनाने तो धातूच आहे, याची खात्री होते. अवरक्त वर्णपटावरून आच्छादनातील रेणूंचे गट कळतात. पृष्ठभागाजवळील विद्युत विभव (झीटा विभव) मोजून कण द्रवात किती स्थिर राहतील, हे ठरवतात.

कणांच्या रंगाचे कारण

धातूमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन असतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असेल, तर प्रकाशाच्या विद्युत क्षेत्रामुळे त्यातील सर्व मुक्त इलेक्ट्रॉन एकत्रितपणे मागेपुढे हेलकावतात. ठरावीक तरंगलांबीला हे हेलकावे अत्यंत तीव्र होतात व तो प्रकाश कण शोषून घेतो. यास पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. लहान, गोल सोन्याचे कण सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रव लाल दिसतो. चांदीचे कण सुमारे ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश शोषतात, म्हणून ते पिवळे दिसतात.

सोन्याचे कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांतील इलेक्ट्रॉनांची आंदोलने परस्परांशी जोडली जातात. शोषण अधिक लांब तरंगलांबीकडे सरकते व लाल द्रव निळा किंवा जांभळा होतो. प्रकाश शोषण्याची एका कणाची क्षमता सामान्य रंगद्रव्याच्या एका रेणूपेक्षा हजार पटींहून अधिक असते. त्यामुळे फार थोडे कण असले तरी रंगबदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

अवशेष ओळखण्याच्या पद्धती

रंगबदल

सर्वांत सोप्या चाचणीत प्रतिजैविकाचे रेणू कणांच्या पृष्ठभागाला चिकटून कणांना एकत्र आणतात व रंग बदलतो. ज्या औषधांच्या रेणूत अमाइन गट किंवा गंधक असते, त्यांच्या बाबतीत हे शक्य होते. जेंटामायसिन, कॅनामायसिन यांसारख्या अ‍ॅमिनोग्लायकोसाइड औषधांच्या एका रेणूत अनेक अमाइन गट असल्याने ते ऋणप्रभारित कणांना जोडणाऱ्या दुव्यासारखे काम करतात.

परंतु अमाइन किंवा गंधक असलेले इतर पदार्थही हेच करतात. सिस्टीन हे अ‍ॅमिनो आम्ल आणि दुधातील भेसळीमुळे कुप्रसिद्ध झालेले मेलामाइन यांच्यामुळेही सोन्याच्या कणांचा रंग बदलतो. यावर उपाय म्हणून विशिष्ट औषधालाच ओळखणारा घटक कणांसोबत वापरतात. असा एक घटक म्हणजे अ‍ॅप्टामर, अर्थात विशिष्ट रेणूला घट्ट धरणारा डीएनएचा किंवा आरएनएचा लहान धागा. हा धागा कणांवर बसून मिठापासून त्यांचे रक्षण करतो. औषध असल्यास धागा कणाला सोडून औषधाला धरतो, उघडे पडलेले कण मिठामुळे एकत्र येतात आणि लाल द्रव निळा होतो. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी या तत्त्वावर कॅनामायसिन दर लिटरला २५ नॅनोमोलपर्यंत, म्हणजे सुमारे १२ मायक्रोग्रॅमपर्यंत, ओळखता येत असल्याचे प्रसिद्ध केले.

या रचनेत कण मिठाला संवेदनशील असणे आवश्यक आहे. वनस्पतिजन्य कणांवरील घट्ट थर त्यांना मिठापासून आधीच वाचवत असेल, तर धागा असो वा नसो, रंग बदलणार नाही. म्हणून असे कण वापरण्यापूर्वी ते वारंवार धुऊन जादा अर्क काढून टाकावा लागतो. तरीही सायट्रेट कणांसाठी लिहिलेली कृती त्यांना जशीच्या तशी लागू पडेल, असे नाही.

अनुस्फुरण

काही पद्धतींत प्रकाश देणाऱ्या रंगद्रव्याजवळ धातूचा कण ठेवला की त्याचा प्रकाश मंदावतो. औषधामुळे रंगद्रव्य कणापासून दूर झाल्यास प्रकाश पुन्हा दिसू लागतो. त्याच्या तीव्रतेवरून औषधाचे प्रमाण काढतात.

पृष्ठवर्धित रामन प्रकीर्णन

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामानुसार प्रत्येक रेणू प्रकाशाचे प्रकीर्णन करताना आपली स्वतंत्र खूण उमटवतो. परंतु ही खूण अतिशय क्षीण असते. खडबडीत चांदीच्या पृष्ठभागावर ती अनेक पटींनी ठळक होते, हे १९७० च्या दशकात लक्षात आले. चांदी व सोने यांचे कण याच कामी येतात. या पद्धतीत औषधाची ओळख त्याच्या स्वतःच्या खुणेवरून पटते. मात्र ही वाढ कणाच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरापर्यंतच होते. आच्छादनाचा थर जाड असल्यास औषधाचा रेणू पुरेसा जवळ येऊ शकत नाही. शिवाय थरातील वनस्पतिजन्य रेणूंच्या खुणाही त्यात मिसळतात.

विद्युत-रासायनिक पद्धत

कार्बनच्या विद्युत अग्रावर धातूचे कण बसवल्यास त्याचे क्रियाशील क्षेत्रफळ वाढते. क्लोरॅम्फेनिकॉलमधील नायट्रो गट अशा अग्रावर इलेक्ट्रॉन स्वीकारतो व त्यामुळे वाहणारा प्रवाह मोजता येतो. दुधाची अपारदर्शकता येथे आड येत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

कागदी पट्टी

बाजारात मिळणाऱ्या अनेक पट्ट्यांवरील लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. दुधासाठीच्या पट्टीत कणांना औषध पकडणारे प्रथिन किंवा प्रतिपिंड जोडलेले असते. दुधात औषध नसल्यास कण चाचणीच्या रेघेवर अडकतात व ती ठळक उमटते. औषध असल्यास रेघ पुसट होते किंवा दिसत नाही. गर्भधारणेच्या पट्टीत रेघ उमटणे म्हणजे पदार्थ असणे, तर येथे नेमके उलट असते.

दुधाच्या तपासणीतील अडचणी

शुद्ध पाण्यात यशस्वी झालेली चाचणी दुधात यशस्वी होईलच, असे नाही. दुधातील केसीन व इतर प्रथिने कणांवर बसून त्यांचे समुच्चयन रोखतात. स्निग्ध गोलकांमुळे प्रकाशाचे प्रकीर्णन होऊन रंग झाकला जातो. टेट्रासायक्लिन गटातील औषधे दुधातील कॅल्शियमशी बांधली जातात. त्यामुळे प्रथम आम्ल घालून प्रथिने साकळवतात, सेंट्रिफ्यूज यंत्राने साका वेगळा करतात व उरलेले पाणी विरल करून वापरतात.

विरलनामुळे अडथळे कमी होतात, पण औषधाचे प्रमाणही तितकेच घटते. दूध २० पट विरल केल्यास १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा तपासण्यासाठी चाचणीला ५ मायक्रोग्रॅम ओळखता आले पाहिजेत. पेनिसिलिनच्या ४ मायक्रोग्रॅमसाठी हाच आकडा ०.२ होतो. एखाद्या चाचणीची शोधमर्यादा वाचताना ती पाण्यातील आहे की दुधातील, आणि विरलन धरून आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

चुकीच्या निकालांचे परिणामही सारखे नसतात. दूषित दूध स्वच्छ ठरल्यास तोटा ग्राहकाचा होतो. स्वच्छ दूध दूषित ठरल्यास शेतकऱ्याची कमाई वाया जाते. समजा १,००० नमुन्यांपैकी १२ खरोखर दूषित आहेत, चाचणी ते सर्व पकडते, परंतु स्वच्छ नमुन्यांपैकी ५ टक्के नमुने चुकून दूषित ठरवते. अशा वेळी ९८८ स्वच्छ नमुन्यांपैकी सुमारे ४९ नमुन्यांवर ठपका येईल. म्हणजे दूषित ठरलेल्या एकूण ६१ नमुन्यांपैकी ४९ निर्दोष असतील. चाचणी ९५ टक्के अचूक असली तरी हे घडते, कारण दूषित नमुने मुळातच थोडे असतात. या कारणास्तव जलद चाचणीचा उपयोग नमुने चाळण्यासाठी करावा आणि दोषी आढळलेला नमुना निर्णायक पद्धतीने पुन्हा तपासावा, अशी दुहेरी व्यवस्था सर्वमान्य आहे.

मूल्यमापन

फायदे

वनस्पतिजन्य पद्धतीत सोडियम बोरोहायड्राइडसारखे तीव्र क्षपणकारक किंवा सेंद्रिय विद्रावके लागत नाहीत. पाने स्थानिक पातळीवर उपलब्ध असतात, क्रिया सामान्य तापमानास होऊ शकते व साधी उपकरणे पुरतात. त्यामुळे ही पद्धत महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही करून पाहता येते. एका चाचणीला धातूही फार थोडा लागतो. वर दिलेल्या संहतीचे ०.१ मिलिलिटर द्रावण वापरल्यास त्यात सोने अवघे ०.०२ मिलिग्रॅम असते.

मर्यादा

सर्वांत मोठी मर्यादा पुनरुत्पादनक्षमतेची आहे. एकाच झाडाच्या पानांतील पॉलिफेनॉलचे प्रमाण ऋतू, माती, पानाचे वय आणि साठवण यांनुसार बदलते. उन्हाळ्यातील अर्काने मिळालेले कण पावसाळ्यातील अर्काने तसेच मिळतील, याची खात्री नसते. कण बदलले की मूळ रंग बदलतो आणि त्यावर आधारलेले मोजमापही बदलते. म्हणून कणांच्या प्रत्येक खेपेसाठी ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून नवा मापन-आलेख तयार करावा लागतो. शिवाय अर्काचा स्वतःचा पिवळसर तपकिरी रंग चांदीच्या कणांच्या शोषणात मिसळून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

या अडचणीवर काही उपाय सुचवले गेले आहेत. पाने एकाच वेळी गोळा करून वाळवून त्यांची पूड साठवणे, अर्कातील एकूण फिनॉलचे प्रमाण मोजून तो प्रमाणित करणे आणि कण धुऊन आकारानुसार वेगळे करणे, हे त्यांपैकी काही होत. संपूर्ण अर्काऐवजी गॅलिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल यांसारखे एकच शुद्ध वनस्पतिजन्य द्रव्य वापरल्यास कण अधिक एकसारखे मिळतात. मात्र तसे केल्याने झाडपाल्याच्या अर्काची स्वस्ताई काही अंशी गमावली जाते.

‘हरित’ या विशेषणाची व्याप्ती

या पद्धतीला ‘हरित संश्लेषण’ असेही म्हणतात. ते विशेषण क्षपणकारकाला व विद्रावकाला लागू पडते, संपूर्ण प्रक्रियेला आपोआप लागू पडत नाही. सिल्व्हर नायट्रेट व क्लोरोऑरिक आम्ल ही दाहक रसायने दोन्ही मार्गांत सारखीच लागतात. सोन्याच्या बाबतीत पर्यावरणावरील भाराचा मोठा भाग खाणकाम व शुद्धीकरण यांचा असतो आणि तो झाडाच्या अर्काने कमी होत नाही. चांदीचे आयन जलचरांना घातक असतात. चांदीला दाद न देणारे जीवाणूही आढळले आहेत. प्रतिजैविकांचे प्रदूषण शोधण्यासाठी वापरलेली चांदी सांडपाण्यात सोडणे हे मूळ हेतूशी विसंगत ठरते. त्यामुळे चाचणीनंतर धातू परत मिळवणे हा या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे.

सद्यःस्थिती

प्रतिजैविक अवशेषांसाठी वनस्पतिजन्य कणांचा वापर अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या पातळीवर आहे. नियमित तपासणीत जीवाणू-आधारित चाचण्या, कागदी पट्ट्या व वस्तुमान वर्णपटमिती यांचाच वापर होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने रंग मोजणे, कण कागदावर वाळवून साठवणे आणि कणांना अ‍ॅप्टामर किंवा प्रतिपिंड जोडणे या दिशांनी काम चालू आहे. अशी चाचणी संकलन केंद्रावर पोहोचण्यासाठी तिने तीन कसोट्यांना उतरणे आवश्यक आहे : प्रत्यक्ष दुधात कायदेशीर मर्यादेखालील प्रमाण ओळखणे, कणांच्या वेगवेगळ्या खेपांमध्ये सारखाच निकाल देणे आणि तोच नमुना निर्णायक पद्धतीने तपासल्यावर त्या निकालाशी जुळणे.

हेही पहा

प्रतिजैविक
औषध-प्रतिरोध
नॅनोतंत्रज्ञान
हरित रसायनशास्त्र
कलिल
रामन परिणाम
कासदाह